झाकणाची अख्खी लांबी

४ जून

प्रिय दादा, आणि वाचून दाखवणाऱ्या वहिनी,

पाकीट बघून वहिनी म्हणतील, फोन आहे ना घरात, मग हिला कागद काळा करायची हौस कसली? पण फोनवर दादा "बरं, बरं" म्हणतो आणि "हे घे, हिच्याशी बोल" म्हणत तुमच्याकडे देतो. सव्वीस वर्षं हेच चाललंय. वहिनींनी कळवलं की डाव्या डोळ्याला आता नुसता उजेड कळतो आणि उजव्यानं नळीतून बघावं तसं मधलं तेवढंच दिसतं. काचबिंदूचं गेलेलं परत येत नाही, हे मलाही डॉक्टरांनी सांगितलं. माझे डोळे तपासायला गेले होते तेव्हा मुद्दाम तुझं विचारून घेतलं.

तेव्हापासून मनात येत होतं की पत्र लिहावं. वहिनी वाचतील आणि तुला शेवटपर्यंत ऐकावं लागेल. उठून जायचं म्हटलं तरी चपला शोधाव्या लागतील.

एक बातमी आहे. मी परत कारखान्यात जाते आहे. हसू नकोस. धाकट्या मालकांनी बोलावलं. शाळेतून आले की तुझ्या पॅटर्न शॉपमध्ये लाकडाचा भुसा डोक्यावर ओतून घ्यायचे ते. आता भुसा टिकायला डोक्यावर केस नाहीत. पण माणूस चांगला निघाला. जुन्या पंपांचे सुटे भाग अजून लोक मागतात, आणि आपली जुनी ड्रॉइंगं सगळी ट्रेसिंगच्या कागदावर, कडा फाटलेली. ती एकेक करून कॉम्प्युटरमध्ये घ्यायची आहेत. तीनशे चाळीस आहेत. वाचता येणारं माणूस त्यांना हवं होतं. "मावशी, त्यातली निम्मी तुमच्याच अक्षरात आहेत," म्हणाले.

ड्रॉइंग ऑफिसची ती खोली तशीच आहे. बोर्ड गेले, पण त्यांच्या पायांचे खड्डे फरशीत राहिलेत. माझा कुठला ते मी बरोबर ओळखलं. खिडकीपाशी बसून ग्राइंडरचा आवाज ऐकला आणि वाटलं, आता दार ढकलून तू येशील, कानावर पेन्सिल, बाहीवर भुसा, आणि विचारशील, "टाचणे, चहा झाला का?" मला टाचणी म्हणणारं दुसरं कुणी उरलं नाही.

डोळ्यांत थेंब वेळेवर घाल. वहिनी, तो घालत नसेल तर मला कळवा.

तुझी,
टाचणी


१५ जून

प्रिय दादा आणि वहिनी,

वहिनींचं कार्ड मिळालं. दोन ओळी. त्यातली एक दादाची: "हे म्हणतात, त्या कॉम्प्युटरला काय काय येतं ते लिही." ही एक ओळ मी तीन वेळा वाचली. म्हणून आज सविस्तर.

मला शिकवणारी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. मी तिला मनात इंजिनीअरीणबाई म्हणते. केस आखूड, पायात बूट, तोंडात सतत बडीशेप. पहिल्या दिवशी मी माऊस हातात घेऊन अगदी जपून सरळ रेषा ओढत होते, तर म्हणाली, "मावशी, सरळ कशाला काढताय? वाकडीच काढा."

मला वाटलं चेष्टा करते आहे. शाळेत सिस्टर आमच्या वहीवर पट्टी ठेवून बघायच्या. अक्षर ओळीवरून किंचित खाली उतरलं तर तीच पट्टी बोटांवर यायची. त्या पट्टीच्या जोरावर मला ड्रॉइंगं उतरवणाऱ्या ट्रेसरची नोकरी मिळाली, हे तुला ठाऊक आहे. आणि आता म्हातारपणी कुणी सांगतंय, वाकडी काढा.

पण तसंच आहे ते. आधी ढोबळ आकार काढायचा, पोरानं पाटीवर घर काढावं तसा. मग एकेक बंधन सांगायचं. ही रेषा आडवी. ही हिच्याशी काटकोनात. ही दोन वर्तुळं एकाच मध्यबिंदूवर. ही बाजू आणि ती बाजू सारखी. या गोलाला ही रेषा नुसती टेकलेली, आत घुसलेली नाही. तू सांगितलंस की रेषा आपली आपण उडी मारून जागेवर बसते. जोवर काही सांगायचं राहिलंय तोवर ती निळी असते, माऊसनं धरून ओढली की हलते. सगळं सांगून झालं की काळी होते.

मला ते हलणं काही सहन होईना. एक कुलपाचं बटण आहे, ते दाबलं की बिंदू जागच्या जागी जखडतो. मी हुशारी केली. पहिला आकार काढला, प्रत्येक कोपऱ्याला कुलूप घातलं, सगळं कसं गप्प, जिथल्या तिथे. तिला बोलावून दाखवलं. तिनं बडीशेप चघळत बघितलं आणि एक माप पन्नासाचं साठ केलं. सगळं चित्र लाल झालं.

"मावशी, तुम्ही सगळ्यांना खुर्चीला बांधून ठेवलंय. मोठं व्हा म्हटलं तर होणार कसे ते?"

"आमच्या वेळी हललेलं चालायचं नाही."

"कोण कुणाशी कसं आहे तेवढं सांगा. कुठे उभं राहायचं ते त्यांचं ते बघतील."

मग सतराच्या सतरा कुलपं काढायला लावली. एक तास गेला. पण त्यानंतर पन्नासाचे साठ केले तेव्हा अख्खा आकार शिस्तीत मोठा झाला, भोकं मधोमध राहिली, कडा समांतर राहिल्या. दादा, खरं सांगते, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

वहिनी, तुम्ही शिवणाच्या क्लासात मुलींना ब्लाउजचं बेतायला शिकवायचात, छातीच्या मापावरून बाकी सगळी मापं काढायची, ते आठवलं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर आलं असतं.

टाचणी


२९ जून

प्रिय दादा आणि वहिनी,

या वेळी कार्डावर पाच ओळी, त्यातल्या चार दादाच्या. प्रगती आहे. विचारतोस, कॉम्प्युटरला ढाळ कळतो का? इंजिनीअरीणबाईला विचारलं. तिला आधी मीच समजावलं, की लोखंड ओतायच्या साच्यासाठी लाकडी पॅटर्न वाळूत दाबून वर काढायचा तर बाजू अगदी उभ्या ठेवून चालत नाही, किंचित कलत्या हव्यात, नाहीतर वाळू ढासळते. ती म्हणाली, "हो, ते आहे की, एक बटण आहे." म्हणजे ढाळही बटणात गेला. पण किती द्यायचा ते बटणाला कळत नाही, ते तिनं मला विचारलं, आणि मी सांगितलं, माझा भाऊ दीड अंश द्यायचा आणि खोल जागी दोन. तिनं लिहून घेतलं.

या आठवड्यात मोठ्या पंपाचं लांबट झाकण आलं. तीन भोकांचं. कुणीतरी तीस नग मागितलेत. नंतरचा ॲल्युमिनियमचा पॅटर्न ज्या फाउंड्रीकडे होता ती बंद पडली, पॅटर्नही गेला, म्हणून हे ड्रॉइंग आधी घ्यायचं ठरलं.

दादा, मी हा विषय काढणार नव्हते. पण तू ढाळाचं विचारलंस, आणि काम तर हेच चाललंय. दुसरं काय लिहू?

मी आकार काढला. टोकापासून पहिलं भोक चाळीस. तिथून दुसरं ब्याण्णव, तिथून तिसरं ब्याण्णव, पुढे टोक चाळीस. सगळं काळं झालं. मग आपल्या सवयीनं वर अख्खी लांबी लिहायला गेले, दोनशे चौसष्ट. तर मशीननं अडवलं. पिवळी चौकट आली, की हे माप घेता येणार नाही.

"का नाही? बरोबर आहे की. बेरीज करून बघ," मी म्हटलं.

"बरोबर आहे म्हणूनच," इंजिनीअरीणबाई म्हणाली. "तुम्ही चार तुकडे सांगितलेत ना, मग लांबी सांगून झाली. एकच गोष्ट दोनदा सांगायची नाही. दोनदा सांगितली की उद्या एक बदलेल आणि दुसरी तशीच राहील. मग खरी कुठली?"

"आम्ही दोन्ही लिहायचो. कारागिराला बेरीज करत बसायला नको म्हणून."

"आणि दोन्ही जुळली नाहीत तर?"

तिनं एक बटण दाबलं. दोनशे चौसष्ट आला, पण कंसात. कंसातला आकडा मशीन स्वतः काढतं, म्हणाली. तुकडे बदलले की तो आपोआप बदलतो. तो चुकूच शकत नाही.

मी उठून पाणी पिऊन आले. स्क्रीनकडे बघून या वयात डोकं धरतं.

दुपारी माळ्यावरून तुझा पॅटर्न काढून आणला. सव्वीस वर्षं तिथेच होता. लाल वॉर्निश अजून चकचकतं, कोपऱ्यात तुझी त्रिकोणाची खूण. भोकांच्या जागचे तिन्ही उंचवटे आणि त्यांच्या बुडाची गोलाई. पोरीनं त्या गोलाईवरून बोट फिरवलं आणि कितीतरी वेळ फिरवतच राहिली. "हे हातानं केलंय?" म्हणाली. मला असा अभिमान वाटला की काय सांगू.

मग तिनं मापं घेतली. लोखंड थंड होताना आक्रसतं म्हणून पॅटर्न शंभराला एक मोठा असतो, ते तिनं वजा केलं. म्हणाली, "मावशी, हा चार मिलिमीटर आखूड आहे. माणूस कलाकार होता, पण माप चुकलाय."

मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे. आणि कप विसळायला गेले.

थेंब घालतो आहेस ना?

टाचणी


८ जुलै

प्रिय दादा आणि वहिनी,

कार्ड आलं नाही. माझंच चुकलं, नको तो विषय काढला.

आज थोडक्यात लिहिते. प्रत्येक ड्रॉइंगला कॉम्प्युटरमध्ये एक इतिहासाचं पान असतं. केव्हा काय बदललं, का बदललं. जुन्या बदलाच्या रजिस्टरातल्या नोंदी त्यात जशाच्या तशा उतरवतात. झाकणाची नोंद इंजिनीअरीणबाईनं मला वाचून दाखवली. "बावीस कास्टिंग बाद. कारण: पॅटर्नमेकरची चूक." पुढे दादाचं नाव, आडनावासकट, आणि खाली मुख्य ड्राफ्ट्समनची सही. वहिनी, त्या साहेबांना आम्ही मागे टीस्क्वेअर म्हणायचो, बोर्डावरच्या त्या लांब पट्टीसारखे उंच आणि ताठ होते म्हणून. गेले ते. चार वर्षं झाली.

"असंच टाकू ना?" पोरीनं विचारलं. मग आडनावाकडे बघून थांबली. "तुमचं माहेरचं नाव हेच ना? हे तुमचे कोण?"

"भाऊ."

ती ओशाळली. "सॉरी, मावशी. मी परवा चुकलाय म्हणाले."

"तू मापलंस ते म्हणालीस."

मग तिनं माझं ते जुनं ट्रेसिंग खिडकीच्या काचेवर धरलं. उजेडात सगळा कागद सारखा दिसतो, एक जागा सोडून. दोनशे चौसष्टमधल्या शेवटच्या दोन आकड्यांखाली तो पातळ झालाय. "इथे काहीतरी खरवडलंय," म्हणाली. "काय होतं इथे?"

मी म्हटलं, मला आठवत नाही.

शुक्रवारपर्यंत पान पूर्ण करायचंय. ती म्हणाली, कारणाची ओळ तुम्हीच भरा, मी रिकामी ठेवते. तीन दिवस ती रिकामी आहे. ड्रॉइंग उघडलं की आधी तीच दिसते.

वहिनी, इथून पुढचं फक्त दादासाठी आहे, तुम्ही

नाही, हे कसं जमणार? तुम्ही वाचल्याशिवाय ते त्याला कळायचं कसं? माझ्याच वेंधळेपणाचं मला हसू आलं आणि मग हसू थांबलं. ते वाक्य खोडत नाही. खोडाखोड पुष्कळ करून झाली.

टाचणी


१० जुलै

वहिनी,

हे पत्र तुम्ही आधी एकट्यानं वाचा. मग दादाला वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्याला यातलं काही नवीन नाही. तुम्हाला आहे.

शाळेत शुक्रवारी वर्गातल्या निम्म्या मुली चर्चमध्ये जायच्या. लाकडी जाळीमागे फादर बसायचे. आत जाताना मुली रडवेल्या असायच्या आणि येताना दोरीवरच्या उड्या मारत यायच्या. आम्ही बाकीच्या पायरीवर बसून त्यांच्या चपला राखायचो. मला त्यांचा फार हेवा वाटायचा, की कुणाला तरी सांगून टाकता येतं आणि जाळीपलीकडचा चेहरा बघावा लागत नाही. आज तुमचा चेहरा मला दिसत नाही. पण माझे शब्द तुमच्या आवाजात जाणार आहेत, आणि ते जास्त अवघड आहे.

त्या झाकणाच्या ड्रॉइंगवर मी तुकडे बरोबर लिहिले होते आणि अख्खी लांबी चुकीची लिहिली होती. दोनशे चौसष्टऐवजी दोनशे साठ. कागदाला काय, तो दोन्ही मुकाट्यानं घेतो. दादाची पद्धत तुम्हाला माहीत आहे का? आधी अख्खी लांबी, मग दोन्ही टोकं, आणि उरलेलं मधोमध वाटून. त्याला तुकडे दोनशे साठच्या मापाशी जुळेनात. म्हणजे ब्याण्णव बसेना, नव्वदच यायला लागले. तो काही झोपेत काम करणारा माणूस नव्हे. तो ड्रॉइंगची प्रिंट घेऊन जिना चढून माझ्या बोर्डापाशी आला.

"टाचणे, यातलं कुठलं खरं? लांबी का तुकडे?"

आमच्या यांना जाऊन आठ महिने झाले होते. लेक सहा वर्षांची, तिला शाळेतून आणायची वेळ झाली होती, माझं एक ट्रेसिंग अर्धं राहिलेलं. मी मान वर न करता म्हटलं, "अख्खी लांबी धर. मी तपासलीय."

मी तपासली नव्हती.

ड्रिलवाल्यांनी तुकड्यांप्रमाणे भोकं पाडली. पहिलं उंचवट्याच्या मधोमध, दुसरं दोन मिलिमीटर सरकलेलं, तिसरं चार. बावीसच्या बावीस झाकणं पाण्याच्या दाबाला गळली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मी बेरीज केली, आणि ब्लेडनं साठ खरवडून तिथे चौसष्ट लिहिलं. पॅटर्न शॉपमधली साठची प्रिंट दादाच्या खुंटीवरून काढली आणि पिशवीत घातली.

मग टीस्क्वेअरनी दोघांना बोलावलं. ट्रेसिंग समोर होतं. मला विचारलं, "पॅटर्नवाल्यानं तुला काही विचारलं होतं का?"

दादा माझ्या शेजारी उभा होता, हाताच्या अंतरावर.

मी म्हटलं, "नाही."

मला वाटलं तो बोलेल. तो टेबलाच्या कडेकडे बघत होता, जणू त्याची जोडणी तपासतोय. मग म्हणाला, "माझं माप चुकलं, साहेब."

त्याला काढलं नव्हतं, नुसतं खालच्या जागेवर उतरवलं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंच हाताखालच्या माणसाच्या हाताखाली काम करायचं नाही म्हणून सोडलं, असं त्यानं तुम्हाला सांगितलं असणार. मग तुम्ही दोघं तिकडे गेलात, तो दारं-खिडक्या करायला लागला, आणि तुमचा शिवणाचा क्लास गेला. मी स्टेशनवर आले नाही. लेकीला ताप आहे असा निरोप पाठवला. ताप नव्हता.

काल मी ती ओळ भरली. इथे तशीच उतरवते. "बावीस कास्टिंग बाद. कारण: ड्रॉइंगमध्ये अख्खी लांबी चुकीची, ट्रेसरची चूक. पॅटर्नमेकरनं काम सुरू करण्याआधी विचारलं होतं, त्याला चुकीचं उत्तर देण्यात आलं. पॅटर्न दिलेल्या मापाप्रमाणे अचूक. ड्रॉइंग नंतर खरवडून बदललं." खाली माझं पूर्ण नाव.

धाकट्या मालकांनी वाचलं आणि म्हणाले, "मावशी, आता हे कोण बघतंय? साहेबही गेले."

मी म्हटलं, "माझी वहिनी बघणार आहे."

इंजिनीअरीणबाईनं त्या पानाची प्रत काढून दिली, ती सोबत जोडली आहे. त्या दिवशी ती माझ्याशी फार बोलली नाही. आज सकाळी आली आणि विचारलं, पॅटर्न माळ्यावर परत ठेवायचा का? मी म्हटलं, ठेव तुझ्या टेबलावर, नमुना म्हणून. ठेवलाय.

माफी मागायला शब्द शोधत होते, ते काही सापडले नाहीत.

तुमची नणंद


२७ जुलै

वहिनी,

तुमचं पत्र काल मिळालं. कार्ड नव्हे, पत्र, चार पानी. मी ते जिन्यातच उभ्यानं वाचलं, मग घरात येऊन बसून वाचलं.

तुम्ही लिहिलंय की माझं पत्र चार दिवस पिठाच्या डब्यामागे ठेवलं होतं, आणि दादा रोज विचारायचा, "टाचणीचं आलंय ना? तिचं पाकीट जाड असतं, वाजतं." पाचव्या दिवशी तुम्ही वाचायला बसलात. तो दाराकडे तोंड करून ऐकत होता. "यातलं कुठलं खरं" या ओळीपाशी आलात तेव्हा म्हणाला, "तेवढं गाळ. पुढचं वाच." तुम्ही गाळलं नाहीत. टीस्क्वेअरच्या खोलीपाशी पुन्हा म्हणाला, "पुढचं वाच गं." तेव्हा तुम्ही कागद खाली ठेवलात आणि विचारलंत, "म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं, आणि मला सव्वीस वर्षं सांगितलं माप चुकलं?"

तो म्हणाला, "तिला लहान पोर होतं."

तुम्ही म्हणालात, "आणि मला तीस मुली होत्या शिवणाच्या."

वहिनी, हे वाक्य मी परत परत वाचलं. एवढी वर्षं मी रात्रंदिवस एकाच माणसाचा हिशेब मांडत होते, माझ्या भावाचा. त्याचं नाव, त्याचं काम, त्याचं मौन. तुमचं मनात यायचं ते नुसतं "क्लास गेला" एवढंच, जसा एखाद्याचा पत्ता बदलतो. तुम्ही लिहिलंत तेव्हा पहिल्यांदा मला ती खोली दिसली. सात मशीनं, भिंतीला टांगलेले कागदी बेत, आणि शेवटच्या दिवशी तुम्ही कुणाला मशीन विकलं, कुणाला नुसतं देऊन टाकलं. एकीची परीक्षा पंधरा दिवसांवर होती आणि ती तुमच्या पदराला धरून म्हणाली होती, "बाई, मग माझं काय?" तुम्हाला अजून तिचं नाव आठवतं. मला तर ती होती हेही माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणता, राग यांच्यावर आहे की वन्संवर ते अजून ठरत नाही. ठरवायची घाई करू नका. दोघांवर असला तरी आम्हाला पुरून उरेल. यांच्या नावानं पत्र लिहू नका, मी वाचणार नाही, असंही म्हणता. लिहिणार नाही. हे तुमचं एकटीचं आहे.

नऊ दिवस तुम्ही दादाशी बोलत नाही, फक्त ठरलेल्या वेळी पेपर वाचून दाखवता आणि तोही नुसत्या जाहिराती, हे वाचून मात्र मला हसू आवरेना. काल दादाचा फोन आला होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतः नंबर फिरवला, बोटांनी चाचपून, दोनदा भलतीकडेच लागला म्हणे. म्हणाला, "टाचणे, मला आता शहरातल्या सगळ्या फ्लॅटचे भाव पाठ झालेत. हिला काहीतरी सांग."

मी म्हटलं, "काय सांगू?"

म्हणाला, "मलाही कळत नाही. तेव्हाही कळलं नव्हतं. तुला वाचवलं असं वाटलं होतं, हिला विचारायचं सुचलंच नाही."

वहिनी, मी त्याची वकिली करत नाही. तो जे म्हणाला ते तुमच्यापर्यंत पोचवलं, कारण तो तुम्हाला ते सांगेल असं मला वाटत नाही. आणि फोन ठेवताना तो "हे घे, हिच्याशी बोल" म्हणाला नाही. तुम्ही भाजीला गेल्याचं तो आधीच म्हणाला होता, हे नंतर लक्षात आलं.

मी शनिवारी येते आहे. पाच दिवसांची रजा घेतली आहे. झाकणाचं काम इंजिनीअरीणबाई पुरं करेल, ढाळ दीडचा आणि दोनचा तिनं दिलाच आहे. गाडी दुपारी दोनला पोचते, कुणी घ्यायला येऊ नका. मी येणार हे दादाला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. तुम्ही बोलतच नाही त्याच्याशी, तेव्हा बहुधा त्याला बेलच ऐकू येईल.

आल्यावर मी आधी तुमच्यापाशी स्वयंपाकघरात बसेन. दादाला बाहेरच्या खोलीत बसू दे, तिथून त्याला ऐकू जातं. त्या तीस मुली तुम्हाला नावानिशी आठवतात असं लिहिलंत. मला एकेकीचं नाव सांगा, ती काय शिवायची, तिचा हात कसा होता, पुढे तिचं काय झालं हे तुम्हाला कळलं असेल तर तेही, आणि कळलं नसेल तर तसं. मी मध्ये काही बोलणार नाही. पाच दिवस आहेत, रोज सहा जणी म्हटलं तरी होतील.

तुमची,
नणंद